समोरून लावलेली आग

काडी मी लावली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना 'बघा, बाई शेवटी कबूल झाली' असं कुणी म्हणायला नको. मी आगीच्या दुसऱ्याच दिवशी कबूल झाले होते, फॉरेस्टच्या साहेबासमोर, उभ्या उभ्या, आणि तेही मोठ्या तोऱ्यात. त्या तोऱ्यानंच घात केला.

आमच्या गावाच्या वर मुळशीच्या उघड्या माळावर गोळीबाराचा क्लब आहे. गाव लवळ्याच्या पलीकडं, कॉलेजांच्या इमारती मागं पडल्या की लागतं. क्लबात रविवारी महाळुंग्याच्या नव्या सोसायट्यांतले लोक गाड्या घेऊन येतात, कानावर ते जाड टोपण लावतात आणि बंदुका उडवतात. मी तिथं सहा वर्षं कामाला होते. कागदी निशाणं चिकटवायची, रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, झाडलोट करायची. शिवाय एक यंत्र होतं, त्यात मातीच्या थाळ्या भरायच्या. यंत्र थाळी हवेत उडवतं आणि हे लोक ती बंदुकीनं फोडतात. घरात सुनेच्या हातून एक बशी फुटली तर सासू आठ दिवस बोलते, हे लोक पैसे भरून फोडायचे. पण मला त्याचं काही नव्हतं. ज्याची त्याची हौस.

आम्ही शेरडं-मेंढरं राखणारे. माझे मालक पोटापुरती शेतीही करतात, पण जीव सगळा शेरडांत. आमचं शेरडांचं खोपट क्लबाच्या कुंपणाला लागून, ओढ्याच्या अलीकडं. दिवाळी झाली की मालक शेरडं क्लबाच्या उतारावर सोडायचे आणि होळीपर्यंत तिथलं गवत खरडून साफ व्हायचं. क्लबाला गवत कापायचा खर्च नाही, आमच्या शेरडांना चारा. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

मग नवा मॅनेजर आला. पुण्याचा, पस्तिशीचा, शर्ट कायम खोचलेला. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाला, "ताई, उद्यापासून बकऱ्या आत नकोत. मेंबर लोक फॅमिली घेऊन येतात. बुटांना लेंड्या लागतात, फोटोतही दिसतात."

मी म्हटलं, "सायेब, गवात कमरंला लागंल."

"मशीननं कापून घेऊ."

मशीन आलं. पहिल्याच दिवशी त्याचं पातं दगडावर आपटलं आणि ते शेडमध्ये जाऊन बसलं. गवत वाढलं, वाळलं, पिवळं झालं. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. सारखं सारखं सांगणारी बाई कामावरून जाते, हे मला ठाऊक होतं.

होळी होऊन चार दिवस झाले असतील. मधला वार होता, क्लबात गर्दी नव्हती. एक मेंबर साहेब तेवढे आले होते. सत्तरीच्या पुढचे, बोलायला गोड, मला नेहमी मावशी म्हणायचे आणि जाताना न चुकता 'येतो हं' म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी वडिलांच्या ट्रंकेतली जुनी काडतुसं आणली होती, कागदी पुंगळ्यांची. म्हणाले, "मावशी, किती वर्षांची आहेत कुणास ठाऊक. आज संपवून टाकू."

मला ती काडतुसं बघूनच बरं वाटलं नाही. काडतुसात छऱ्यांच्या मागं एक बूच असतं. नव्यात ते प्लॅस्टिकचं असतं, जुन्यात नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं. बार उडाला की ते कधी कधी धुमसत जाऊन गवतात पडतं. एकदा-दोनदा असं झालं होतं, तेव्हा मी ओलं पोतं घेऊन जाऊन ते दाबलं होतं. तेव्हा गवत खरडलेलं असायचं, म्हणून निभावलं.

चार-पाच बार झाले. धूर बघून मी म्हटलं, "सायेब, वाईच थांबा. गवात वाळलंय, मी बघून येते."

ते हसले. "मावशी, बंदुकीनं गवत पेटत नाही. एवढा डबा संपू दे."

आता बार चालू असताना पुढं जायचं नाही, हा क्लबाचा पहिला नियम. भिंतीवर तांबड्या अक्षरात लिहिलेला. सहा वर्षांत तो नियम मी एकदाही मोडला नव्हता. ओलं पोतं हातात धरून मी त्या डब्याचं शेवटचं काडतूस संपायची वाट बघत उभी राहिले. आजही तेवढ्याचा राग येतो, आणि तो माझा मलाच येतो.

डबा संपला तेव्हा समोरच्या, गोळ्या अडवायच्या मातीच्या बांधाच्या अलीकडं धूर निघत होता. मी पोचेपर्यंत तो धूर राहिला नव्हता, जाळ झाला होता. पोतं मारलं, तर पोतंच पेटलं. मेंबर साहेब त्या दिवशी 'येतो हं' न म्हणताच गेले.

वारा दुपारचा, वर चढणारा. जाळाचं तोंड सरळ क्लबाच्या बंगल्याकडं. बंगल्यात स्वयंपाकघर, तिथं गॅसच्या टाक्या, मागं बिहारकडच्या स्वयंपाक्यांच्या खोल्या. एक स्वयंपाकी बायको-पोरीला घेऊन तिथं राहायचा. खालच्या अंगाला, ओढ्याकडं, आग हळूहळू सरकत होती. तिकडं आमचं खोपट. आणि खोपटात करडं होती, कारण शेरडं चरायला गेली की करडं आत कोंडून ठेवतात.

मी उभी राहिले. पाच-दहा श्वास उभी राहिले असेन. तेवढ्यात ठरवलं की खालची आग सावकाश आहे, मालक घरी आहेत, ते बघतील. वरच्या आगीला कुणी नाही. आणि मी वर पळाले.

मॅनेजर गाड्या लावायच्या जागेवर फोन कानाला लावून उभा होता. बंब निघाला म्हणत होता. बंब निघाला तो खरा, पण फोनवरच्या नकाशानं त्याला डोंगराच्या पलीकडच्या रिसॉर्टाच्या फाटकावर नेऊन उभा केला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मॅनेजर मला बघून म्हणाला, "ताई, काहीतरी करा. तुम्हाला माहीत असतं ना हे सगळं."

मी म्हटलं, "समोरनं लावावं लागंल."

"लावा, लावा. काय करायचं ते करा."

समोरून लावणं म्हणजे काय ते सांगते. डोंगरात राहणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असतं. मोठी आग येत असली की पाण्याची बादली घेऊन तिच्या अंगावर धावायचं नाही. तिच्या वाटेत मोकळी पट्टी शोधायची, रस्ता असेल, ओढा असेल. त्या पट्टीच्या कडेनं, आगीच्या बाजूचं गवत आपण पेटवायचं. मागं पट्टी, म्हणून आपली आग मागं येत नाही. पुढं मोठी आग हवा ओढत असते, ती आपल्या आगीलाही ओढून घेते. दोन्ही समोरासमोर येतात, मधलं गवत संपतं, आणि दोन्ही मरतात. वेळ चुकली तर मात्र माणूसही मरतो. माझ्या बापानं मला हे शिकवलं तेव्हा मी परकरात होते.

बंगल्याच्या पुढं मुरमाचा रस्ता होता. चहाच्या टपरीवरून काडेपेटी घेतली आणि रस्त्याच्या कडेनं चालत, वाकून वाकून, वीस-पंचवीस पावलांवर एक अशा काड्या लावत गेले. स्वयंपाक्याला ओरडून सांगितलं, रस्त्यावर उभा राहा, निरगुडीची फांदी घे, ठिणगी इकडं आली तर झोड. तो झोडत राहिला. दोन आगी भिडल्या तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून मॅनेजर गाडीच्या मागं जाऊन बसला. आणि मग जाळ खाली बसला. बंगल्याच्या भिंतीचा रंगसुद्धा उडाला नाही.

मी मागं वळून बघितलं, तर ओढ्याकडं काळा धूर. गवताचा धूर पांढरा असतो. काळा म्हणजे ताडपत्री, दोऱ्या, पत्र्याचा रंग. म्हणजे खोपट.

मालकांनी करडं सोडवायला दार उघडलं होतं. दार पत्र्याचं, त्याला तारेची कडी. तापलेली तार पीळ घातलेली, ती सोडवायला दोन्ही हात लागतात. त्यांनी दोन्ही हातांनी सोडवली. निम्मी करडं बाहेर आली, निम्मी नाही. मी गेले तेव्हा मालक ओढ्याच्या डबक्यात हात बुडवून बसले होते आणि मला म्हणाले, "कुटं व्हतीस?"

बंगला वाचवत होते म्हणून सांगितलं. त्यांनी हात पाण्यातून काढून बघितले आणि परत पाण्यात घातले.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. डोंगराचं वरचं अंग फॉरेस्टचं, बंगल्याला वळसा घालून गेलेल्या जाळानं तेही जळालं होतं. फॉरेस्टचे साहेब आले, रस्त्याच्या कडेनं चालत गेले, जळक्या काड्या उचलून बघितल्या. विचारलं, "ह्या काड्या कुणी लावल्या?"

आम्हाला मान वर करून सांगायला असं काय घडतं आयुष्यात. मी पुढं झाले. म्हटलं, "मी लावल्या. मी लावल्या म्हून तर ह्यो बंगला उभा हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. मला वाचायला दिलं. मी बारावीपर्यंत शिकलेली आहे, निशाणांचे गठ्ठे ज्या जुन्या वर्तमानपत्रांत बांधून येतात ती मी वाचून काढायचे. कागद दोनदा वाचला. लिहिलं होतं की सदर ठिकाणी रस्त्यालगतचे गवत मी स्वतः काडेपेटीने पेटविले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून सही केली. 'बंगला उभा हाय' हे त्यात नाही, हे मला दिसलं होतं. पण बंगला समोर उभा होता की, तो काय लिहायचा, असं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅनेजर तिथंच उभा होता. 'मीच सांगितलं लावा म्हणून' एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं असतं. तो बुटाच्या टोकानं राख उकरत होता.

पंधरा दिवसांनी कागद आला. डोंगराला आग लावल्याबद्दल माझ्यावर गुन्हा. मालकांच्या हाताच्या पट्ट्या बदलायला मी सरकारी दवाखान्यात बसले होते, तिथं पोलीस पाटलानं आणून दिला. मी तशीच उठून क्लबात गेले.

मॅनेजरनं मला बसायला सांगितलं नाही. तो म्हणाला, "ताई, आमच्या रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी फायरिंग झालंच नाही. रेंज बंद होती."

"आन त्ये मेंबर सायेब?"

"कोण मेंबर?"

मी रजिस्टर मागितलं. त्यानं उघडून दाखवलं. त्या तारखेचं पान कोरं. ओळी आखलेल्या, वर तारीख, खाली काही नाही. मी विचारलं, मालकांच्या औषधपाण्याचं काय, खोपटाचं काय. तर म्हणाला, तुम्ही आमच्या पगारावर नाही, ठेकेदाराच्या पगारावर आहात, त्याला विचारा. विम्याचे लोक येऊन गेले, त्यांनीही पंचनामा बघितला. आग कर्मचाऱ्यानं लावली असेल तर क्लबाची जबाबदारी येत नाही. आणि मग, आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "खोपट तुमच्याच आगीनं जळालं असणार, ताई. मी हे कुठं बोलत नाही, पण विचार करा."

माझी आग वर, रस्त्याला लागून होती. खोपट पार खाली ओढ्याला, आणि मधलं गवत माझ्या पहिल्या काडीच्या आधीच जळून काळं झालेलं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे ठीक, इथं तर संन्याशाला चोराचं घर राखायला लावून मग फाशी दिली. उद्यापासून कामावर येऊ नका, असंही त्यानं जाता जाता सांगितलं.

मेंबर साहेबांचा फोन नंबर माझ्याकडं होता. एकदाच लागला. ते म्हणाले, "मावशी, फार वाईट वाटलं हो ऐकून. पण माझं नाव कुठं यायला नको, लायसन्सचा प्रश्न येतो. यजमानांची काळजी घ्या हं." मग नंबर लागायचा बंद झाला.

क्लबाकडून एक फुलांचा गुच्छ मात्र आला. चमकत्या कागदात, वर 'लवकर बरे व्हा'. दारात ठेवला होता तो शेळीनं कागदासकट खाल्ला आणि तिला दोन दिवस हगवण लागली. क्लबाकडून आम्हाला मिळालेली मदत ती एवढीच.

गावाचंही सांगते, त्यांना का सोडू. क्लबाला कोण दूध घालतं, कोण भाजी, कुणाचा पोरगा तिथं फाटकावर. सगळ्यांनी गवत वाढलेलं बघितलं होतं, त्या दुपारी बार ऐकले होते. विचारलं तर एकजात मूग गिळून बसले. एक जाणता माणूस घरी आला आणि म्हणाला, "जुळवून घ्या. त्यांचा रस्ता हाय, त्यांचं लाईटीचं खांब हायेत." शेजारीण म्हणाली, "तुला कुनी सांगितलं व्हतं शानपन? पळून यायचं घरला." हे ती वाईटानं नाही बोलली. आणि तिचं खरंच होतं. मी घरला पळून आले असते तर बंगला जळाला असता, माझ्या मालकांचे हात शाबूत राहिले असते, आणि मी सुटले असते. चांगलं केलं म्हणूनच अडकले. ते वर्षभर मला कुणाचं चांगलं करायची भीती वाटायची.

मालकांच्या जखमा भरल्या, पण बोटं वाकली ती वाकलीच. कातडी ओढली गेली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. ते राहिलं. शेळीची धार काढायला अंगठा आणि बोटं जवळ यावी लागतात, ती येत नाहीत. मेंढरं कातरायची कातर धरता येत नाही. धार मी काढते. ते शेळीचे पाय धरून समोर बसतात आणि दुसरीकडं बघतात.

पुढल्या वर्षी होळीच्या सुमाराला पुन्हा आग आली. ह्या खेपेला पश्चिमेच्या घळीतून, कुणाची ते मला माहीत नाही आणि मी अंदाजही करणार नाही. मी अंगणात तांदूळ निवडत होते. क्लबाची गाडी आली, धूळ उडवत दारापर्यंत. मॅनेजर उतरला. शर्ट बाहेर आलेला.

"ताई, चला. तसंच करायचंय, मागच्यासारखं."

मी तांदूळ निवडत राहिले. म्हटलं, "मागच्यावानी काय?"

"ते समोरून लावायचं. प्लीज. स्वयंपाक्याची मुलगी तापानं झोपलीय मागच्या खोलीत."

गरज सरो वैद्य मरो झालं होतं, आता पुन्हा वैद्य आठवला. मला वर्षभर वाटायचं, असा दिवस आला तर मी सूप हातातून खाली ठेवणार नाही. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवसाची वाट बघितली होती. पण ती पोर. ती मला आजी म्हणायची, तिच्या भाषेत. सूप खाली ठेवलं, चुलीजवळची काडेपेटी घेतली आणि गाडीत बसले. मालक दारात उभे होते. ते म्हणाले, "ह्या टायमाला तरी शानी हो." त्यांचं ते बोलणं वाटेत डोक्यात फिरत राहिलं.

मुरमाच्या रस्त्यावर उतरलो. आग लांब होती, वेळ होता. मी काडेपेटी मॅनेजरच्या हातात दिली.

"घ्या. काडी तुमी लावायची. जागा मी दावते."

त्यानं ती परत माझ्यापुढं धरली. "मला नाही जमणार हे."

"मला जमलं म्हून माझ्यावर केस झाली. तुमाला जमल्यावर काय हुतंय ते बगू."

"ताई, ही वेळ आहे का?"

"हीच येळ हाय."

त्याच्या पहिल्या तीन काड्या विझल्या. चौथीला मी पदर आडवा धरला. मग मी पुढं, तो मागं. मी बोट दाखवायचं, त्यानं वाकायचं. इथं. आता तितं. त्या दगडाच्या अलीकडं, पलीकडं न्हाई. एकदा बाही पेटली तेव्हा मीच हातानं थापटून विझवली. जाळ भिडले, तसाच आवाज झाला, आणि तो ह्या वेळी पळाला नाही, कारण त्याचे पायच हलत नव्हते. बंगला पुन्हा वाचला. पोर झोपेतून उठलीही नाही.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. साहेब तेच होते. त्याच रस्त्यानं चालले, तशाच काड्या उचलल्या, तेच विचारलं. मॅनेजर एव्हाना सावरला होता, शर्ट खोचलेला होता. त्यानं सांगितलं, "मी काउंटर फायर लावली." साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. मी म्हटलं, "सायेब, काय लिवलं त्ये मोठ्यानं वाचा."

साहेबांनी वाचलं. व्यवस्थापकांनी प्रसंगावधान राखून प्रतिआग लावल्याने इमारत वाचली व मनुष्यहानी टळली.

मी कमरेचा कागद काढला, गुन्ह्याच्या कागदाला जोडून आलेली माझ्या जबाबाची नक्कल. वर्षभर तो पिशवीत घालून जवळ बाळगत होते. म्हटलं, "आता ह्यो वाचा. हाबी तुमच्याच हातचा हाय. ह्योच रस्ता, ह्योच बंगला. मी काडी लावली तर गवत पेटविले, आन ह्यांनी लावली तर प्रसंगावधान?"

साहेब वाईट माणूस नव्हता, मला तसं म्हणायचं नाही. त्यानं कागद वाचला, रस्त्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "बाई, हे तुम्ही तेव्हा सांगायचं."

"सांगितलं व्हतं. लिवलं न्हाई."

साहेबांचं तोंड जरा उतरलं. मग ते मॅनेजरकडं वळले. "मागच्या वर्षी ह्यांनी हेच केलं होतं? तुमच्यासमोर?"

मी मॅनेजरच्या तोंडाकडं बघत होते. नाही म्हणावं, तर आग लावून आग विझत नाही असं होतं, आणि मग काल त्यानं काय केलं? हो म्हणावं, तर वर्षभर तो काय करत होता? मला त्या क्षणी इतका आनंद झाला की त्याची लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

"हो," तो म्हणाला. "असंच."

"तुम्ही सांगितलं होतं लावायला?"

त्यानं खोचलेलाच शर्ट पुन्हा खोचला आणि म्हणाला, "हो."

साहेबांनी तिथंच त्याचा जबाब घेतला. मी विचारलं, "आन मग पयली आग कुनाची?" साहेब म्हणाले, तो वेगळा विषय आहे, त्या दिवसाची फायरिंगची नोंद मिळत नाही. कोऱ्या पानावर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळं ते खोडताही येत नाही.

पावसाळा संपता संपता कागद आला. माझ्यावरचा गुन्हा काढला होता. मी घरी आले तेव्हा मालक शेळीचे पाय धरून बसले होते. धारेची वेळ झाली होती, आणि मी नाही तर धार नाही.

मी म्हटलं, "सुटले मी. माझं नाव काडलं."

त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा मला दीड वर्षात दिसला नव्हता. "द्येवा," म्हणाले. मग म्हणाले, "मंग आता आग कुनाच्या नावावर हाय?"

मी कागद वाचून दाखवला. आग अज्ञात कारणाने लागली असावी. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी कुनाचीच न्हाई?"

"कुनाचीच न्हाई."

त्यांनी कागद मागितला. मी दिला. तो वाकड्या बोटांत राहिना, शेणात पडला. उचलायला ते वाकले, दोन्ही तळव्यांमध्ये धरून उचलायला बघितलं, दोनदा निसटला. मी मदत केली नाही. का केली नाही, मला सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"धार काड," ते म्हणाले. "शेळी खोळंबलीय."